पावसाळ्यापुरता काढलेला सेल

भोर,
८ ऑक्टोबर २००३

सम्राट गड्या,

सलाम. तू पुण्याला गेलास तवापास्नं लिवीन लिवीन म्हणत होतो. चांगली बातमी असंल तवा लिवू म्हणलं, ती काय येईना. आता वाईट झालीया, तवा बसलोय.

माझी मशीन मेली.

तुला सांगायला नको ती माझी कोण लागते. तू उत्रोलीच्या मावशीकडनं शाळंला यायचास, आन सुटल्यावर आपण दोघं एका नाण्यात फायटिंगचा गेम खेळायचो. दांडी माझ्याकडं, बटणं तुझ्याकडं. पुण्यातलं एक व्हिडिओ गेमचं पार्लर बंद पडलं तवा त्याच गेमची मशीन म्या उचलली. टेम्पोत मागं बसून, रस्ताभर तिला धरून आणली. एस्टी स्टँडमागं अब्बांच्या घड्याळाच्या दुकानाला लागून पत्र्याची खोली हाय, तिथं लावली. उन्हाळाभर पोरं नुसती तुटून पडली होती. अब्बा मात्र तिला खोकंच म्हणायचे. "खोकं बंद कर, टेबलावर बस, भिंग लाव डोळ्याला." रोजचं ह्येच.

भोरचा पावसाळा तुला ठावं हाय. जूनपास्नं भिती पाझरतात, लाईट आली तर आली. म्हणून चार महिने मशीन बंद करून, खाली विटा लावून, वर प्लास्टिक बांधून ठेवली. दसऱ्याला शेजारच्या गॅरेजवाल्या गेनूनं आपल्या पान्यांसंगं माझ्या मशीनला बी झेंडूची माळ घातली. म्या बटण दाबलं. आवाज न्हाई, चित्र न्हाई, नुसता निळा पडदा.

पुण्यात ते इंटरनेट हाय म्हणं. अख्ख्या जगात एकाची तरी मशीन अशी मेली असंल की रे! शोध. भिवंडीचे झुल्फिकारभाई, माझे मामेभाऊ, ईद झाली की मला यंत्रमागावर घेऊन जायला बसलेत. अब्बांनी सांगितलंय, दुकानात बस न्हाईतर भिवंडीला जा. मशीन चालू झाली तर मी हितंच ऱ्हातो. न्हाई झाली तर जातो, आन गेलो की परत येणाऱ्यातला मी न्हाई, तुला म्हाईत हाय.

तुझा,
शाकिर

पुणे, वसतिगृह,
१५ ऑक्टोबर २००३

शाक्या,

पत्र वाचलं आणि वर्ग बुडवून सायबर कॅफेत जाऊन बसलो. तुझ्यापायी माझा डिप्लोमा राहणार, हे आधी लिहून ठेव.

ऐक. जगात आपल्यासारखी येडी माणसं खंडीभर आहेत. इंटरनेटवर त्यांच्या सभा भरतात, त्याला फोरम म्हणतात. कोण कुठला, कुणाचा थांगपत्ता नाही, पण सगळ्यांना एकच नाद: जुन्या गेमच्या मशीन. ही माणसं मशीनच्या पोटातला गेम काढून फाईलीत भरतात आणि कॉम्प्युटरवर चालवतात. ज्यातून चालवतात त्याला एम्युलेटर म्हणायचं. म्हणजे मशीन नसताना मशीन! मी खुर्चीत उडालोच.

उडालो आणि घाई केली. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सरळ लिहिलं की ह्या गेमची फाईल द्या. पाच मिनिटांत मला हाकलून दिलं. तिथला पहिला नियमच तो, सभेत फाईल मागायची नाही. पंगतीत आगंतुक घुसल्यावर वाढपी बघतात ना, तसं झालं. मग नवीन नाव घेऊन परत गेलो आणि नुसता मशीनचा आजार सांगितला.

एकानं उत्तर दिलं. त्यानं स्वतःचं नाव 'जुनं नाणं' असं ठेवलंय, राहतो फिनलंडला. तो म्हणतो, ह्या जातीच्या बोर्डावर एक छोटा सेल असतो. गेमची किल्ली तिथल्या मेमरीत असते आणि सेल आहे तोवरच ती आठवणीत राहते. सेल संपला किंवा निघाला की बोर्ड किल्ली विसरतो. मग नवा सेल लावून उपयोग नाही, पडदा निळाच राहतो.

तू उघडून बघ. सेल संपलाय, गळलाय की काय झालंय ते कळव. हात लावताना जपून.

तुझा,
सम्राट

भोर,
२१ ऑक्टोबर २००३

सम्राट,

उघडली. सेल न्हाईच.

संपला न्हाई, गळला न्हाई, जागेवरच न्हाई. जिथं सेल बसतो तिथं दोन मोकळी भोकं हायत. टाके सोडवून काढलाय. आन गड्या, काढणाऱ्याचा हात बघशील तर! कुठं डाग न्हाई, कुठं ओरखडा न्हाई, कथिलाचा एक थेंब इकडंतिकडं सांडलेला न्हाई. माझ्यानं तर असलं काम जन्मात व्हायचं न्हाई. टाके सोडवायच्या इस्तरीवर असा बारीक हात अख्ख्या भोरात एकाचाच हाय, आन तो माझ्या खोलीच्या भितीपल्याड बसतो.

तुझ्या त्या नाण्याला विचार, सेल आपोआप, चुकून, कशानं निघू शकतो का. म्या अजून घरात काय बोललो न्हाई. अम्मी विचारती, तोंड का सुकलंय म्हणून. सांगू काय तिला?

लवकर लिव.

शाकिर

पुणे,
२८ ऑक्टोबर २००३

शाकिर,

विचारलं. एकट्या नाण्याला नाही, सभेत सगळ्यांना विचारलं. दहा जणांनी तेच सांगितलं. चुकून निघत नाही. जाणकार माणूस ह्या सेलला हात लावतच नाही, आणि अडाणी माणसाला तो इतका स्वच्छ काढता येत नाही. नाण्याचं वाक्य जसंच्या तसं सांगतो: "ज्यानं काढला त्याला गेम मारायचाच होता."

शाक्या, मला लिहवत नाही, पण तुला खोटं कसं सांगू? हे मुद्दाम केलेलं आहे. बंद कर म्हणून सांगून तू ऐकेनास, मग बंद करून टाकली. माझे बाबा असते आणि त्यांनी असं केलं असतं, तर मीही घरात थांबलो नसतो.

तरी मशीनचा नाद सोडू नको. नाणं म्हणतो, बोर्डाचे दोन्ही बाजूंनी स्वच्छ फोटो पाठवा, वरचे स्टिकर वाचता आले पाहिजेत. फाईली सभेत मिळत नसल्या तरी दुसरीकडं मिळतात, त्या जागेला हब म्हणतात. तिथं शिरायचा रस्ता तो दाखवील असं वाटतंय. मी आहे, तू खचू नको.

सम्राट

भोर,
५ नोव्हेंबर २००३

सम्राट,

झालं ते बरंच झालं.

रोजे चालू हायत. परवा सगळे रोजा सोडायला बसलो हुतो. म्या खिशातनं तुझं पत्र काढलं आन अब्बांसमोर मोठ्यानं वाचलं. मारायचाच होता, मुद्दाम केलेलं आहे, सगळं वाचलं. अम्मीच्या हातातलं सरबताचं भांडं तसंच ऱ्हायलं. म्या इचारलं, "अब्बा, सेल तुमी काढला का न्हाई? व्हय का न्हाई, येवढंच सांगा."

अब्बांनी तोंडाजवळ नेलेला खजूर खाली ठेवला. म्हणले, "व्हय." आन उठून दुकानात गेले. माफी न्हाई, कारण न्हाई, शिवी बी न्हाई. शिवी दिली असती तरी मला चाललं असतं रे!

तवापास्नं आमी बोलत न्हाई. ते आले की मी उठतो. झुल्फिकारभाईंना निरोप धाडला. ईदेनंतरच्या जुम्म्याला, अठ्ठावीसला, सकाळच्या एस्टीनं निघायचं. स्वारगेटला उतरून पुढची गाडी धरणार हाय. भेटायचं असंल तर तिथं ये.

फोटो काढून घेतले. स्टुडिओवाला इचारतो, "पासपोर्ट साईज काढू का हिचे?" हसाय बी आलं न्हाई. सोबत पाठवलेत. आता मशीन उठून उभी ऱ्हायली तरी मला नको, पण तू येवढी धावपळ केलीस म्हणून पाठवतोय.

शाकिर

भोर,
१० नोव्हेंबर २००३

सम्राटदादा,

मी फिजा, शाकिरभाईची धाकटी बहीण. तुम्हाला पत्र लिहिते आहे हे घरात कोणालाच माहीत नाही. उत्तर पाठवू नका, टपाल आधी अब्बांच्या हातात जातं.

तुम्ही भाईला जे लिहिलंत ते खरं नाही. सेल अब्बांनी काढला हे खरं, पण मारायला नाही. जूनमध्ये मशीन बंद केली त्या आठवड्यात भाई हिर्डोशीला लग्नाला गेला होता. तेव्हा अब्बांनी मशीनच्या पाठचा पत्रा उघडला. उजेडाला टॉर्च मी धरला होता. ते म्हणाले, "पोराला कळत न्हाई. चार महिने सेल आत ऱ्हायला तर पाणी सुटंल, सगळी मशीन खाऊन टाकंल." दुकानात पडून राहणाऱ्या प्रत्येक घड्याळाचं ते हेच करतात ना! सेल पुडीत बांधला, खणात ठेवला. भाईला सांगू नको म्हणाले, कारण आदल्याच दिवशी त्याच मशीनवरून भांडण झालं होतं. दसऱ्याला आपणच गुपचूप लावून देणार होते. पण दसऱ्याच्या दिवशी ते घड्याळांचं सामान आणायला पुण्याला गेले, आणि भाईनं मशीन सुरू केली.

आल्यावर त्यांना वाटलं, सेल नाही म्हणूनच बंद आहे. भाई नमाजला गेल्यावर सेल लावून बघितला. पडदा निळाच. सेल परत काढला आणि मला शपथ घातली की कोणाला सांगायचं नाही. मी म्हटलं, भाईला खरं कळू द्या. तर म्हणाले, "दुश्मन समजला तर चालंल. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं जगवली आन पोराची मशीन अडाणीपणानं मारली, ह्ये त्याला कळायला नको."

भाई गेला की परत येणार नाही. अम्मी नुसती रडते. मी तुम्हाला सांगितलं एवढ्यानं शपथ मोडलीच आहे, तुम्ही भाईला सांगितलंत तर अब्बा माझ्याशी आयुष्यात बोलणार नाहीत. पण तो तुमचं ऐकतो. काही तरी करा.

फिजा

पुणे,
१६ नोव्हेंबर २००३

शाकिर,

आधी मशीनचं सांगतो, मग कामाचं.

फोटो स्कॅन करून नाण्याला पाठवले आणि तो पिसाटलाच. असल्या स्टिकरचा बोर्ड त्यांच्यापैकी कोणी आधी बघितला नव्हता म्हणे. हबमध्ये रिकाम्या हातानं आलेल्याला थारा नाही, आपल्याकडचं काही तरी सगळ्यांसाठी उघडं ठेवावं लागतं, तेव्हाच दुसऱ्याचं घेता येतं. माझ्याकडं काय होतं? तुझे फोटो ठेवले. भोरच्या स्टुडिओतले ते फोटो आता कुठकुठल्या देशांतले लोक उतरवून घेतायत!

त्याआधी एका हरामखोरानं गेमच्या नावाखाली व्हायरस पाठवला आणि सायबर कॅफेचा कॉम्प्युटर झोपला. मालकानं मला कॉलर धरून बाहेर काढलं. दुसरा कॅफे शोधला. तिथं फाईल निम्मी उतरली की लाईन तुटायची, परत पहिल्यापासून. पण उतरली. काल मानसिंगच्या, म्हणजे माझ्या खोलीतल्या मित्राच्या कॉम्प्युटरवर चालवली. तोच गेम, शाक्या. तीच घंटा, तोच ओरडा. मी खोलीत एकटा नाचलो. मानसिंग नवा कॉम्प्युटर घेतोय, जुना तुला द्यायला तयार आहे. तुझ्या मशीनच्या खोक्यात तो बसवायचा, पडदा तोच, दांडी तीच.

दुसरं. मुद्दाम केलं असं मी लिहिलं होतं, ते मी मागं घेतो. ती फिनलंडची अक्कल होती, ती मी भोरला लावली. का मागं घेतो ते विचारू नको.

आता काम. माझ्या बाबांचं घड्याळ तुझ्या अब्बांकडे आहे. बाबा गेले तेव्हा ते मला मनगटावर घालवेना, म्हणून मी अब्बांना म्हटलं, चाचा, ठेवा तुमच्याकडं. निघायच्या आधी ते घे आणि स्वारगेटला मला आणून दे. टेबलाच्या उजव्या हाताचा खालचा खण. पुड्यांवर नावं आहेत, वाचून बघ. तू स्वतः काढ, फिजाला सांगू नको, अब्बांकडे मागू नको.

सम्राट

भोर,
२१ नोव्हेंबर २००३

सम्राट,

तुझं घड्याळ तू येऊन ने. त्या दुकानाची पायरी मी चढणार न्हाई.

तुला काय झालंय रे? तूच लिवलंस मुद्दाम केलं. आता तूच म्हणतोस मागं घेतो, आन का ते इचारू नको. अब्बांनी तुला गाठलं का? का अम्मीनं कुणाकडनं सांगावा धाडला? माझ्या बाजूचा एक माणूस हुता, तो बी फिरला म्हणायचं. अब्बांनी माझ्या तोंडावर "व्हय" म्हणून सांगितलंय. त्याच्यावर आन काय पुरावा पायजे तुला?

मानसिंगला सांग, कॉम्प्युटर कुणा गरजवंताला दे. अठ्ठावीसला स्वारगेटला आलास तर भेट. न्हाई आलास तरी माझी काय तक्रार न्हाई.

शाकिर

पुणे,
२४ नोव्हेंबर २००३

शाकिर,

टपालाचा भरवसा नाही म्हणून हे भोर गाडीचे कंडक्टर ज्ञानूमामा यांच्या हातात देतोय. त्यांना म्हटलंय, पोरगं पत्र वाचून होईपर्यंत समोरून हलू नका.

मला कोणी गाठलं नाही, कोणी विकत घेतलं नाही, आणि तुझ्या बाजूनं मी नाही असं परत लिहिलंस तर स्वारगेटवर सगळ्यांदेखत थोबाडीन. माझ्या बापाची एकच वस्तू ह्या जगात उरली आहे, ती तुझ्या बापाच्या खणात आहे. मी तुझ्यासाठी दीड महिना वर्ग बुडवले, कॉलर धरून घेतली. त्या बदल्यात आजवर एक गोष्ट मागितली, एक खण उघडायची. तेवढंही तुझ्यानं होत नसेल तर तुझ्या गाडीजवळ मी येणार नाही आणि इथून पुढं पत्रही लिहिणार नाही.

पुड्या नीट बघ. माझ्या बाबांचं नाव सापडेपर्यंत एकेक पुडी वाच.

सम्राट

भोर,
२९ नोव्हेंबर २००३

सम्राट,

भिवंडीची गाडी काल गेली. म्या जाऊ दिली.

ज्ञानूमामा खरंच समोर उभे ऱ्हायले. तुझ्यावर इतका राग आला की पत्र फाडणार हुतो. मग म्हणलं, तुझ्या बाबांनी, दादूकाकांनी, पालीच्या तुमच्या घरी किती येळा भाकरी वाढलीया आपल्याला, त्यांची वस्तू आन तोंड काळं कर. ईदेच्या दुसऱ्या दिवशी अब्बा गाठीभेटीला गेले. चावी घेतली, दुकान उघडलं, खण वढला.

पुड्याच पुड्या. वर्तमानपत्राच्या कागदाच्या, बारक्या, एकसारख्या. 'पाटलीणबाई, हातातलं.' 'मास्तर, भिंतीवरचं.' वाचत गेलो. 'दादू, पाली. मुलगा नेईल.' ती बाजूला काढली. तिच्या खालच्या पुडीवर अब्बांच्या अक्षरात पेन्सिलनं लिवलं हुतं, 'शाकिर. मशीन. पावसाळा.' आन खाली बारीक, 'दसऱ्याला लावणे.'

मी तिथंच खाली बसलो. लहानपणापास्नं बघत आलोय रे म्या, घड्याळ पडून ऱ्हाणार असलं की अब्बा आधी सेल काढतात. गिऱ्हाइकाला बी दटावतात, "मुकी वस्तू हाय, तिला सांगता येत न्हाई, आपुनच बघावं लागतं." माझ्याच डोक्यात कसं आलं न्हाई? खोकं खोकं म्हणणारा माणूस माझ्या मागं तिची काळजी घेत हुता, आन म्या त्याला रोजा सोडताना सगळ्यांसमोर चोरासारखं उभं केलं.

किती येळ बसलो कुणास ठावं. मान वर केली तर अब्बा दारात. माझ्या हातातली पुडी बघितली आन म्हणले, "त्याचा काय उपयोग न्हाई आता. लावून बघितला म्या."

म्या म्हणलं, "अब्बा, सांगितलं का न्हाई?"

"काय सांगू? नजीर घड्याळवाल्यानं सेल काढून मशीन मारली म्हणून?"

"मी भिवंडीला चाललो हुतो अब्बा!"

"ठावं हाय. तुझ्या पिशवीत शाल म्याच ठेवलीया. तिकडं थंडी असती."

मी रडलो, सम्राट. सांगायला लाज कसली? मोठ्यानं रडलो. अब्बा बाजूला बसले, चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणले, "तुझा त्यो पालीचा दोस्त कॉम्प्युटरचं काय म्हणत हुता?" तुझी पत्रं उशीखाली असतात, फिजानं काढून त्यांना दाखवली असणार. न्हाईतर त्यांना कुठनं कळणार?

अजून एक. दादूकाकांच्या घड्याळात अब्बांनी सेल घातला. माझ्यासमोर. चालू हाय. तू ये आन घालून जा, म्या आणून देणार न्हाई.

झुल्फिकारभाई लई बोलले फोनवर. ऐकून घेतलं.

तुझा,
शाकिर

पुणे,
१२ डिसेंबर २००३

शाक्या,

मानसिंगचा कॉम्प्युटर शनिवारी ज्ञानूमामांच्या गाडीत चढवतो. सोबत सीडी आहे, तिच्यात एम्युलेटर आणि गेम. एक जुना कीबोर्डही देतोय, तो फोडायचा. त्याच्या आतल्या पट्टीला दांडीच्या आणि बटणांच्या तारा जोडल्या की कॉम्प्युटरला वाटतं कोणी तरी टाइप करतंय. तारा केसासारख्या बारीक आहेत. तू हात लावू नको, अब्बांना बसव.

आणि हे नीट वाच, मोठ्यानं वाचलंस तरी चालेल. ह्या कॉम्प्युटरच्या पोटातही एक सेल आहे, चपटा, बटणासारखा. नाण्याला खोदून खोदून विचारलं. हा निघाला तर काही मरत नाही. फक्त तारीख आणि वेळ विसरतो, परत लावून द्यायची. नाण्याला मी तुमच्या पुडीचीही गोष्ट लिहिली. त्यानं सभेत सगळ्यांना सांगितलं की ज्यानं काढला त्याला मारायचाच होता, हे त्याचं वाक्य चूक होतं.

रविवारी येतो. आईलाही पालीहून घेऊन येतो. तिला बघायचंय म्हणे, पोरानं वर्ग बुडवून नक्की काय दिवे लावले. फिजाला सांग, सम्राटदादानं कोणाला काहीही सांगितलं नाही.

सम्राट

भोर,
९ जून २००४

सम्राट गड्या,

सलाम. परीक्षा कशी गेली? नापास झालास तर आमच्या नावानं बिल फाड.

मशीन उन्हाळाभर पळाली. अब्बांनी जोडलेली एक तार हलली न्हाई. पोरं नाणी टाकून नाचतात, आन अब्बा दुपारच्याला गिऱ्हाईक नसलं की भितीपल्याडनं वरडतात, "कोण जिंकलं रं?" स्वतः मात्र दांडीला हात लावत न्हाईत.

काल पयला मोठा झोडपा आला, लाईट गेली. म्या मशीन बंद करून विटा लावल्या, वर बांधायला प्लास्टिक काढलं. बघतो तर अब्बा दारात उभे. खिशात बारका स्क्रूड्रायव्हर. आत येईनात. म्या म्हणलं, "या की." तरी तिथंच. मग घसा खाकरून म्हणले, "ह्याच्यात बी सेल हाय म्हणत हुता तुझा दोस्त."

"हाय."

"काढू का ऱ्हाऊ दे?"

सम्राट, उभ्या जन्मात ह्या माणसानं मला काय इचारलेलं न्हाई. कुठल्या शाळेत घालायचं ते इचारलं न्हाई, दुकानात बसशील का ते इचारलं न्हाई. आन काल दारात उभं ऱ्हाऊन, स्क्रूड्रायव्हर खिशातच दाबून धरून, मला इचारत हुते. सेल ऱ्हायला असता तरी काय बिघडलं नसतं, ह्ये मला तुझ्या पत्रामुळं ठावं हुतं.

म्या म्हणलं, "काढा अब्बा. तारीख तेवढी जाईल. ती तुमी दसऱ्याला लावून द्या."

त्यांनी काढला. पुडी बांधली, पेन्सिलनं नाव घातलं आन माझ्यासमोर धरली. म्हणले, "ह्या खेपंला तुझ्याजवळ ठेव."

म्या घेतली, त्यांच्या दुकानात गेलो आन त्यांच्याच खणात, मास्तरांच्या पुडीशेजारी ठेवून आलो.

तुझा,
शाकिर